शब्दाची जात, माणसाची जात

देवळाली कॅम्पात लॅम रोडजवळच्या एका विहारात रविवारी मुलांची शिकवणी चालते. परवा आम्ही गेलो तेव्हा फळ्यावर ‘शब्दांच्या जाती’ हा धडा होता. नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठ जाती. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, शब्दांनाही जातीचा दाखला लागतो का?” मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही.

व्याकरणातली जात जन्माने ठरत नाही, कामाने ठरते. ‘गरीब माणूस’ म्हटले की ‘गरीब’ विशेषण. ‘गरिबांना कोण विचारतो?’ म्हटले की तोच शब्द नाम होतो. त्यासाठी त्याला वाडवडिलांचा पुरावा आणावा लागत नाही. चातुर्वर्ण्य गुणकर्मावर आधारलेले होते असे सांगणारे अजून भेटतात. ते खरे झाले ते फक्त व्याकरणात!

कायद्यातली जात निराळी. घटनेच्या ३४१ व्या कलमाखालील राष्ट्रपतींच्या आदेशात जिचे नाव छापले आहे, ती अनुसूचित जात. जन्माने मिळालेली ही जात लग्नानेही बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वल्सम्मा पॉल प्रकरणात सांगितले. १९५० च्या आदेशाने हा हक्क हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली मिळाला. बाबासाहेबांसोबत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्म स्वीकारलेल्या समाजाला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हाही यादीत ‘बौद्ध’ हा शब्द आला नाही. हक्क उभा राहिला तो टाकून दिलेल्या जुन्या नावावरच.

आज हा सवाल तातडीचा आहे. जनगणनेत सर्वांची जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार होते, पण अनुसूचित जातींत मोजले गेलेले बौद्ध ५२ लाख ४ हजार. मधले १३ लाख कुठे गेले? त्यांत इतर समाजांतून धम्मात आलेले असतील, हे मान्य. परंतु स्वाभिमानापोटी जातीचे नाव न सांगणारे आमचेच बांधवही त्यांत आहेत. लोकसभा-विधानसभेतील राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’च सांगायचे, त्यात तडजोड नाही. जातीच्या रकान्यात यादीतले नाव सांगायचे. ते नाव तिथे कायद्याचा शब्द म्हणून येते, आमची ओळख म्हणून नव्हे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जीभ अडखळेल, हे आम्ही जाणतो. तरुण पोरांनी त्या वेळी घरी थांबावे आणि प्रगणकाने मोबाइलवर काय टिपले, ते वाचून दाखवायला सांगावे.