‘जलरोधक’ या शब्दाची किंमत कोणी मोजायची?

इंदूरच्या रंगपंचमीची गेर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रंगीत पाण्याच्या त्या माऱ्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. टँकरवर बसवलेल्या यंत्रांतून उडणारे फवारे राजवाड्याभोवतीच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतात आणि खाली उभा असलेला प्रत्येक जण नखशिखान्त भिजतो. गेल्या वर्षी बहिणीकडे गेलो असता हा सोहळा मी भाच्यासमवेत पाहिला. त्याच्या हाती अडीच महिन्यांपूर्वी घेतलेला महागडा स्मार्टफोन होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, असे मी सुचवले, तेव्हा तो हसून म्हणाला, “मामा, तुम्ही उगाच काळजी करता. हा बादलीत बुडवला तरी चालतो.”

त्या दिवशी फोन चाललाही. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेआड वाफेसारखा धुरकटपणा दिसू लागला. तिसऱ्या दिवशी भाचा नोकरीच्या गावी भोपाळला परतला आणि स्थानकावर उतरल्यावर त्याच्या लक्षात आले की फोन बंद पडला आहे. बँकेत पगाराचे पैसे होते, परंतु खिशात रोख रक्कम नव्हती. डेबिट कार्ड वापरण्याची सवय सुटल्यामुळे ते घरीच राहिले होते. एका अनोळखी प्रवाशाच्या फोनवरून त्याने आईला कळवले, कारण तो एकच क्रमांक त्याला पाठ होता.

दुरुस्ती केंद्रात फोन उघडून आतील एक लहानशी पट्टी त्याला दाखवण्यात आली. पांढरी असणारी ही पट्टी पाण्याचा स्पर्श होताच तांबडी होते. ती तांबडी झाली होती. द्रवामुळे झालेली हानी हमीत अंतर्भूत नाही, असे त्याला नम्रपणे सांगण्यात आले आणि दुरुस्तीचा जो खर्च लिहून देण्यात आला, तो फोनच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. फोन अठरा मासिक हप्त्यांवर घेतलेला. त्यांपैकी तीन भरून झाले होते.

भाच्याचे चुकले, हे मला मान्य आहे. परंतु त्याचा समज कोणी करून दिला होता, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

फोनच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘आयपी ६८’ अशी जी खूण असते, ती एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेली असते. त्यातील पहिला अंक धुळीविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. पाण्याचा अंक ७ असेल तर यंत्र एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे बुडवून तपासलेले असते. ८ असेल तर चाचणी त्याहून कठीण असते, परंतु ती किती कठीण, हे उत्पादक ठरवतो. म्हणूनच एकाच ‘६८’ चा अर्थ एका कंपनीच्या फोनवर दीड मीटर, तर दुसरीच्या फोनवर सहा मीटर असा होऊ शकतो. आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. पाण्याच्या जोरदार झोताची चाचणी ५ आणि ६ या अंकांखाली येते, आणि बुडवण्याची चाचणी उत्तीर्ण झालेला फोन झोताच्या चाचणीतही उत्तीर्ण झालाच, असे मानता येत नाही. गेरीतील फवारा हा झोत होता.

ही चाचणी नव्या कोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात केली जाते. आपले जगणे मात्र गोड्या पाण्यात चालत नाही. पुरीचा किंवा मरीनाचा समुद्र खारट असतो, तरणतलावात क्लोरीन असते, रंगात रसायने असतात आणि न्हाणीघरात साबण असतो. साबणाची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फोनच्या ध्वनिछिद्रांवर अतिशय सूक्ष्म जाळी असते. तिच्यातून हवा जाते, पण पाणी आपल्या पृष्ठताणामुळे अडून राहते. साबण हा पृष्ठताणच कमी करतो आणि मग तेच पाणी सहज आत शिरते. खाऱ्या पाण्याचा उपद्रव निराळा. ते विजेचे चांगले वाहक असल्याने चालू फोनमधील धातूच्या टोकांवर गंज वेगाने चढतो. ओल्या खाचेत चार्जर लावला की ही क्रिया अधिकच जोमाने होते.

मुळात फोनला पाण्यापासून वाचवणारी वस्तू म्हणजे पडद्याभोवतीचा गोंदाचा पट्टा, सिमकार्डाच्या कप्प्याची रबरी कडी आणि ती जाळी. यांपैकी काहीही चिरकाल टिकणारे नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात मोटारीत तापत ठेवलेला, दोन-चार वेळा हातून पडलेला, मागच्या खिशात ठेवून वर बसल्याने किंचित वाकलेला, किंवा पडदा बदलण्यासाठी एकदा उघडलेला फोन खोक्यावरील अंकाशी प्रामाणिक राहील, अशी अपेक्षा व्यर्थ होय. त्यातच तापलेला फोन थंड पाण्यात पडला तर आतील हवा आकुंचन पावते आणि पाणी अक्षरशः आत ओढले जाते.

कंपन्यांना हे सारे ठाऊक असते. किंबहुना जलरोधकता कायमस्वरूपी नसते आणि वापराने ती कमी होते, असे त्या स्वतःच लिहून ठेवतात. परंतु ते हमीपत्रात किंवा तळटीपेत. जाहिरातीत मात्र तरणतलाव असतो, लाटा असतात आणि पाण्यातून वर काढलेला झळाळता फोन असतो.

या विसंगतीची दखल इतर देशांत घेतली गेली आहे. इटलीच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. जलरोधकतेचा दावा स्थिर, शुद्ध पाण्यातील विशिष्ट चाचणीपुरताच खरा आहे, हे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले गेले नाही, हा एक आक्षेप होता. पाण्याने बिघडलेला फोन हमीत दुरुस्त करून दिला जात नाही, हा दुसरा. ऑस्ट्रेलियात तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगविरुद्ध दावा दाखल केला. २०१६ ते २०१८ या काळातील काही जाहिरातींत फोन तरणतलावात व समुद्रात वापरण्याजोगे असल्याचे सुचवले होते. प्रत्यक्षात ओली खाच चार्ज केल्यास ती गंजण्याचा धोका होता. कंपनीने जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याचे मान्य केले आणि जून २०२२ मध्ये न्यायालयाने एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्याकडे कायदा दुबळा आहे, असे मुळीच नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असे म्हटले आहे की, खुलाशाची तळटीप मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच फाँटमध्ये असावी आणि तिने मूळ दाव्याला छेद देऊ नये. पाण्यात बुडवलेला फोन दाखवायचा आणि पाण्याने होणारी हानी हमीतून वगळायची, हा छेद नव्हे तर काय? जाहिरात व हमीपत्र हे दोन स्वतंत्र कागद आहेत, एवढ्या तांत्रिक कारणाने ही सुटका होत असेल, तर दोन्ही कागद एकत्र वाचले जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. फोन साध्या नळाच्या पाण्यात पडला की मीठ घातलेल्या पातेल्यात, हे ती तांबडी पट्टी सांगू शकत नाही. सरसकट हमी दिल्यास गैरफायदा घेणारेही निघतील. शिवाय या जलरोधकतेमुळे पावसाच्या सरींतून कितीतरी फोन सुखरूप बाहेर येतात, हेही नाकारता येणार नाही. तरीही माझी मागणी अवाजवी नाही. खोक्यावर छापलेल्या खोलीपर्यंतची व वेळेपर्यंतची हमी निदान पहिल्या वर्षी तरी द्यावी. ते शक्य नसेल तर ‘पाण्याने झालेली हानी हमीत येत नाही’ हे वाक्य ‘जलरोधक’ या शब्दाशेजारी, त्याच ठळकपणे छापावे. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजारातील जोखमीचा उल्लेख बंधनकारक आहेच. (तो किती वेगाने वाचला जातो, हा भाग वेगळा, आणि ‘अटी लागू’ ची चांदणी बँकांनाही अपरिचित नाही, हे याच पानांवर लिहिताना विसरून चालणार नाही.)

फोन भिजलाच, तर तो तत्काळ बंद करावा, चार्जर लावू नये, सिमकार्ड काढून घ्यावे, खाच खाली करून हलकेच झटकावा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्णता गोंदाला मारक ठरते. तांदळाच्या डब्याचा घरगुती उपायही सोडून द्यावा. तांदळाचे कण आत जाऊ शकतात, असा इशारा अ‍ॅपलने २०२४ मध्ये दिला. सिमकार्ड सहसा पाण्याने बिघडत नाही. ते दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी येऊ लागतात. नवे सिम घेण्याची पाळी आली, तर मात्र फसवणूक टाळण्यासाठी त्यावरील एसएमएस पहिले चोवीस तास बंद ठेवले जातात, हे ध्यानात असू द्यावे. डेबिट कार्ड व थोडी रोकड जवळ बाळगणे या काळातही जुनाट ठरत नाही. दिशाभूल झाल्याचे वाटत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

भाच्याने ती नोंदवली नाही. “कोण नादी लागणार, मामा,” म्हणाला. भोपाळमध्ये त्याने एक जुना फोन मिळवून काम भागवले आणि बंद पडलेला कपाटात ठेवून दिला. यंदा गेर पाहायला आम्ही पुन्हा एकत्र गेलो, तेव्हा त्याचा फोन बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात होता. कपाटातल्या फोनचे हप्ते जूनपर्यंत आहेत.