आराखडा आपला, बोर्ड कारखान्याचा

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांत एक मत फार ठामपणे मांडले जाते: पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) घरी बनवला नाही, तर तुम्ही खरे काही शिकलाच नाहीत. या मताची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटातून कॉपर क्लॅड बोर्ड आणायचा, सर्किटचा आराखडा लेझर प्रिंटरने चकचकीत कागदावर छापायचा, इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवायचा आणि उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराईडमध्ये विरघळू द्यायचे, म्हणजेच एचिंग करायचे. संध्याकाळी सुचलेले सर्किट रात्री हातात येते, कुरिअरची वाट पाहावी लागत नाही. हे सारे खरे आहे. तरीही मयूर विहारसारख्या दाट वस्तीत, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आराखडा घरी करावा आणि बोर्ड कारखान्यातून करून घ्यावा, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिला मुद्दा विरघळलेल्या तांब्याचा. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा असतो. 10 सेंटिमीटर लांब-रुंद बोर्डाच्या एका बाजूवर सुमारे 3 ग्रॅम तांबे भरते. त्यातले निम्मे विरघळले तरी दीड ग्रॅम द्रावणात जाते. आपल्या पर्यावरण नियमांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या कारखानी सांडपाण्यात तांबे लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. म्हणजे एका लहान बोर्डाचे तांबे त्या मर्यादेत आणायला 500 लिटर पाणी लागेल, गच्चीवरची एक अख्खी टाकी. यावर जाणकार सांगतात की फेरिक क्लोराईड तर जलशुद्धीकरणातही वापरतात. वापरतात, पण ते तांबे न मिसळलेले. पूर्व दिल्लीचे मैलापाणी कोंडलीसारख्या केंद्रांत जिवाणूंच्या आधारे शुद्ध होते, आणि तांबे त्या जिवाणूंनाच मारक आहे. पुढे वाट यमुनेचीच. धुण्याचा सोडा घालून तांबे खाली बसवता येते, हेही खरे. पण तळाशी उरलेला गाळ घातक कचराच असतो आणि तो सोसायटीच्या कचराकुंडीत टाकून जबाबदारी संपत नाही. कारखानाही रसायनेच वापरतो, हा आक्षेप रास्त आहे. फरक असा की त्याला परवाना घ्यावा लागतो, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते आणि चुकल्यास जाब द्यावा लागतो. मोरीत ओतलेल्या बादलीचा जाब कोणी विचारत नाही.

दुसरा मुद्दा शिकण्याचा, आणि वाद खरा इथेच आहे. इस्त्री किती गरम हवी, कागद कधी सोलावा, हे हाताचे कसब आहे. सर्किटचे ज्ञान वेगळे. आयसीच्या पुरवठ्याच्या पिनेला लागूनच कपॅसिटर का ठेवायचा, जास्त प्रवाहाची पट्टी किती रुंद हवी, ग्राउंडचा थर सलग का राखायचा, हे आराखड्यात शिकायला मिळते. घरगुती पद्धत नेमके हेच शिक्षण आखडते. दोन्ही बाजूंचा बोर्ड केला, तर भोकांच्या आत तांबे चढत नाही, म्हणून प्रत्येक भोकातून तार ओवून दोन्हीकडे डाग द्यावा लागतो. पट्ट्यांवरचे संरक्षक आवरण (सोल्डर मास्क) नसल्याने अर्ध्या मिलिमीटरवर पिना असलेल्या चिपला सोल्डर लावताना शेजारच्या पिना सहज जोडल्या जातात. टोनर जरा उखडला की पट्टीला केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, मल्टिमीटरची बीप न वाजल्यावर कळते. मग विद्यार्थी सर्किटची चूक शोधत बसतो आणि दोष निघतो छपाईचा. साधा कारखानाही 0.15 मिलिमीटरची पट्टी बिनचूक काढतो. त्यामुळे बोर्ड चालला नाही, तर आधी आपलाच आराखडा तपासायचा, हे ठरून जाते. शिक्षण त्यातून होते.

राहिले वेळ, पैसा आणि स्वावलंबन. आज रात्रीच सर्किट तपासायचे असेल, तर ब्रेडबोर्ड आहे, झिरो पीसीबी आहे. त्यासाठी रसायन लागत नाही. एकच बोर्ड मागवणे महाग पडते, पण दोन-तीन मित्रांनी आपापली लहान सर्किटे एकत्र मागवली की खर्च वाटला जातो. बोर्ड परदेशातूनच आणावा लागतो, असेही नाही. गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स थोड्या नगांचे काम घेतात. आराखड्यासाठी किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. 1992 साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शरास यांनी ते सुरू केले, पुढे सर्न या संशोधनसंस्थेने त्याला हातभार लावला. स्वावलंबन म्हणजे प्रत्येक घरात एचिंगची बादली नव्हे. आपल्या सर्किटचा आराखडा आपल्याला करता येणे, हे खरे स्वावलंबन.

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि द्रावण जमा करण्याची सोय असताना, एचिंग एकदा जरूर दाखवावे. प्रक्रिया समजायला तेवढे पुरे. घरात मात्र मुलांच्या हाती फेरिक क्लोराईडची बाटली देऊ नका. त्यांना किकॅड शिकवा, आराखडा तीनदा तपासायला लावा आणि मगच बोर्ड मागवा.