चष्मा दानात नको, हक्काने हवा

दरवर्षी 14 एप्रिलच्या आसपास आपल्या वस्त्यांमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिरे होतात. आम्हीही घेतली. मांडव, बॅनर, पाहुण्यांचे सत्कार आणि संध्याकाळपर्यंत चष्मेवाटप. गेल्या वर्षी गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींनी आम्हाला अडवून विचारले, "बाळांनो, काच फुटली. आता पुढच्या जयंतीपर्यंत थांबू का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर राहिला. ते काम मोठे आहे, आम्ही ते नाकारत नाही. अंधत्वाचे प्रमाण 2006-07 मध्ये 1 टक्का होते, 2015-19 च्या सर्वेक्षणात ते 0.36 टक्के निघाले. पण मधल्या काळात मोजपट्टीही बदलली. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता न येणारा अंध ठरत असे, 2017 पासून तीन मीटरवरून. आणि ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, ती तर या आकड्यात कुठेच नाही. ती आंधळी नाही, फक्त तिची मजुरी घटते.

किती घटते? आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेले संशोधन 2018 साली प्रसिद्ध झाले. जवळचे दिसण्यासाठी साधा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत 21 टक्क्यांहून जास्त वाढली. आता सांगा, मळ्यात, शिलाईत, कचरा वेचण्यात कोणत्या जातींचे हात आहेत? म्हणजे चष्म्याचा प्रश्न जातीचा आणि मजुरीचा प्रश्न आहे.

शासन काही करत नाही असे नाही. 2013 साली आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. पण ऊसतोडीला आईबापासोबत गेलेले पोर त्या दिवशी वर्गात नसते. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी 3000 रुपये मिळतात. एकदाच, आणि तेही वयाच्या 65 नंतर. जवळचे दिसणे चाळिशीत कमी होते. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे राबण्याची सगळी वर्षे, त्या माणसाने काय करायचे? शाळेत एक दिवस, वस्तीत एक शिबिर, म्हातारपणी एकदा रोख रक्कम. कायमची सेवा कुठे आहे?

शेजारच्या तेलंगणाने 2018 साली सुरू केलेल्या 'कंटी वेलुगु' मोहिमेत गावोगावी दीड कोटी लोकांचे डोळे तपासून गरजूंना चष्मे दिले. म्हणजे इच्छा असेल तर जमते. पण तीही मोहीमच. मोहीम संपते, नंबर मात्र वाढत राहतो.

चष्मा हा राजकारणाचा विषय आहे का, असे काही मित्र विचारतात. ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्य सेवेत चष्मा मोफत मिळू लागला. 1951 मध्ये सरकारने चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा आरोग्यमंत्री म्हणून ती सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हक्क कापला की सरकार हादरते. शिबिर बंद पडले तर कोणी विचारतही नाही.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम 47 सांगते. म्हणून जयंती समित्यांना आमचे सांगणे आहे: शिबिर जरूर घ्या, पण त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही भरा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे का? तो प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी बसतो? गेल्या वर्षी किती मुलांना आणि किती प्रौढांना चष्मे दिले? मिळालेले उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला जवळच्या केंद्रात वर्षभर तपासणी आणि चष्मा मिळावा, असा ठराव घ्या.

मावशींना पुढच्या जयंतीची वाट पाहायला लागू नये. मांडवाचा खर्च थोडा कमी करू, पण हा पाठपुरावा सोडायचा नाही.

जय भीम!