इंद्रधनुष्याचा बाजार आणि एकजुटीचे ऋण

परदेशवारी करून आलेल्या मराठी माणसाने तिकडचे रस्ते, आगगाड्या आणि शिस्त यांचे गुणगान करावे, ही आपल्या प्रवासवर्णनांची जुनी रीत आहे. समलिंगी प्रवाशाची मोजपट्टी थोडी निराळी असते. आपल्याकडे दोन मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून भर बाजारातून हिंडले, तरी कोणी वळूनही पाहत नाही. मात्र त्या हातामागचे नाते एकदा उच्चारले, की घर, नोकरी आणि भाड्याची खोली, तिन्ही एकदमच हातची जाण्याची वेळ येते. म्हणून ज्या शहरात हे नाते उच्चारता येते, ते शहर समलिंगी प्रवाशाला मोकळे वाटते. पर्यटनाच्या धंद्याने ही मोजपट्टी केव्हाच हेरली असून, अशा मोकळ्या शहरांच्या याद्या तो आता सुबक पुस्तिकांतून विकतो. तथापि, मोकळेपण ही विकत घेण्याची वस्तू आहे काय, आणि मुळात तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्या पुस्तिकांत नसतो. तो येथे विचारावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक समलिंगी आहे आणि अशाच एका यादीतले ऑस्ट्रेलियातील सिडनी शहर त्याने पाहिले आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून ‘मार्दी ग्रा’ची मिरवणूक निघते. सजवलेल्या मालमोटारी, ढोल, नाच आणि दुतर्फा लोटलेली गर्दी पाहून आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीची आठवण व्हावी. २०२३ साली याच शहरात जागतिक ‘प्राइड’ महोत्सव भरला. त्या वर्षीच्या मिरवणुकीत पंतप्रधान अँथनी अल्बनीझी स्वतः चालले; पदावर असताना असे चालणारे ते पहिलेच पंतप्रधान. महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी सुमारे पन्नास हजार माणसे हार्बर ब्रिजवरून पायी गेली. बँका आणि विमान कंपन्या यांची बोधचिन्हे इंद्रधनुष्याच्या रंगांत न्हाऊन निघाली होती. या आनंदाची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आयुष्यभर मान खाली घालून वावरलेल्या माणसाला एक रात्र मान वर करून चालता आले, तर ती लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या रात्रीला एक इतिहास आहे आणि तो बँकांनी घडवलेला नाही.

२४ जून १९७८ ची रात्र. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉलच्या उठावाला नऊ वर्षे होत होती. त्याचे स्मरण म्हणून काही शेकडा माणसे याच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून नाचत-गात निघाली. बारमध्ये दडून बसू नका, बाहेर रस्त्यावर या, असे आवाहन ती करीत होती. मोर्चाला परवानगी होती. तरीही हाइड पार्कशी पोहोचताच पोलिसांनी ध्वनिवर्धकाची मालमोटार अडवली. लोक पांगले नाहीत. ते किंग्ज क्रॉसकडे वळले. तेथे पोलिसांनी त्यांना घेरले आणि त्रेपन्न जणांना पकडले. कोठडीत मारहाण झाली. पुढे बहुतेक खटले सोडून देण्यात आले. पण शिक्षा न्यायालयाबाहेरच झाली होती. ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ या प्रतिष्ठित दैनिकाने पकडलेल्यांची नावे, पत्ते आणि व्यवसाय छापले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांना घरचे दार बंद झाले. याच वृत्तपत्राने २०१६ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली. अडतीस वर्षांनी मागितलेली माफी ही माफीच असते, हे मान्य. पण गेलेली नोकरी तिने परत मिळत नाही.

त्या रात्रीनंतर लोक पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. ज्या कायद्याच्या आधारे पोलीस मोर्चेकऱ्यांना उचलत होते, तो १९७९ मध्ये रद्द झाला. पुरुषांमधील समलिंगी संबंध न्यू साउथ वेल्स राज्यात गुन्हा राहिले नाहीत ते १९८४ पासून, आणि टास्मानिया या शेवटच्या राज्यात तर १९९७ पासून. आपल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम १८६० साली ज्या साम्राज्याने आपल्या माथी मारले, त्याच साम्राज्याच्या कायद्यांतून ऑस्ट्रेलियातील ही कलमेही उपजली होती. म्हणजे ही गुलामी दोन्ही देशांची सामाईक होती. तिच्यातून सुटण्यास त्यांना १९९७ उजाडले, आपल्याला २०१८. एवढ्याशा अंतरावरून त्यांना उपजत पुढारलेले आणि आपल्याला उपजत मागासलेले समजण्याचे कारण नाही.

या इतिहासाचे एक पान मात्र मिरवणुकीच्या झगमगाटात कोणी फारसे उघडत नाही आणि या पानासाठीच हा लेख लिहावासा वाटला. ते आहे १९७३ सालचे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील चर्चशी संलग्न अशा एका वसतिगृहातून एका विद्यार्थ्याला तो समलिंगी आहे म्हणून बाहेर काढण्यात आले. तेव्हा विद्यापीठाच्या आवारात बांधकाम चालू होते. ते करणारे मजूर ‘बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन’ या संघटनेचे सभासद होते. प्रश्न त्यांच्यापुढे गेला आणि त्यांनी वसतिगृहाचे काम थांबवले. विटा वाहणाऱ्या, काँक्रीट ओतणाऱ्या माणसांनी एका अनोळखी विद्यार्थ्यासाठी हातातली अवजारे खाली ठेवली. संघटनेचे नेते जॅक मंडे हे कम्युनिस्ट होते. आपण जे बांधतो ते कोणासाठी आणि कशासाठी, हे विचारण्याचा मजुराला अधिकार आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच भूमिकेतून या संघटनेने जुनी वस्ती, झाडी आणि गरिबांची घरे पाडून टोलेजंग इमारती उठवणाऱ्या कितीतरी योजनांवर बहिष्कार टाकला होता. ‘ग्रीन बॅन’, म्हणजे हरित बंदी, हे नाव तेथूनच जगभर गेले. आज पर्यटक ज्या ‘द रॉक्स’ भागातील दगडी गल्ल्यांतून हौसेने छायाचित्रे काढीत फिरतात, त्या गल्ल्या उभ्या आहेत त्या या मजुरांमुळे. पर्यटनाचा धंदा त्यांच्या पुण्याईवर चालतो; त्यांची मजुरी मात्र केव्हाच फिटली, असे तो समजतो.

आता रात्रीच्या जीवनाविषयी. समलिंगी माणसांच्या दृष्टीने बार आणि नाचघर ही निव्वळ चैनीची ठिकाणे कधीच नव्हती. जेथे घर आपले नाही, देऊळ आपले नाही आणि चावडीही आपली नाही, तेथे अंधाऱ्या जिन्याखालची खोलीच चावडीचे काम करते. २०१४ साली सिडनीत रात्रीवर निर्बंध आले: दीड वाजल्यानंतर नव्या गिऱ्हाइकास प्रवेश नाही, तीन वाजता मद्यविक्री बंद. दारूच्या धुंदीतील हल्ल्यांत तरुणांचे जीव गेले होते, त्यामुळे कायद्यामागील कळकळ खोटी म्हणता येणार नाही. निर्बंधित भागातील मारामाऱ्या कमी झाल्या, हेही खरे. पण शहरातला मोठा कसिनो या कायद्याच्या सीमारेषेबाहेर राहिला. लहान बारना कुलपे लागली, वादक आणि वाढपी यांचे रोजगार गेले, आणि जुगाराचे टेबल रात्रभर उघडे राहिले. हे निर्बंध ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून २०२० मध्ये आणि किंग्ज क्रॉसमधून २०२१ मध्ये उठले, पण बंद पडलेल्या सगळ्या जागा काही पुन्हा उघडल्या नाहीत. नीती ही नेहमी छोट्या गिऱ्हाइकाला शिकवायची असते, हा अनुभव आपल्यालाही परका नाही.

खेळाच्या मैदानावर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. रग्बी लीग हा सिडनीचा लाडका खेळ, अंगाला अंग भिडवण्याचा आणि मर्दुमकी मिरवण्याचा. मॅनली या क्लबकडून खेळणाऱ्या इयन रॉबर्ट्सने १९९५ मध्ये आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले, तेव्हा केवढे धैर्य लागले असेल! त्याच क्लबने जुलै २०२२ मध्ये इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून एक सामना खेळण्याचे ठरवले. सात खेळाडूंनी धर्म आणि संस्कृती यांचे कारण देऊन ती घालण्यास नकार दिला आणि ते सामन्याबाहेर राहिले. त्यांतील बहुतेकांची मुळे पॅसिफिक बेटांवरची. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांची भूमिका प्रस्तुत लेखकाला अमान्यच आहे. परंतु हा निर्णय घेताना क्लबने खेळाडूंशी चर्चाच केली नव्हती आणि प्रशिक्षकाला त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली, ही बाब विसरून चालणार नाही. १९७३ मध्ये मजुरांपुढे प्रश्न आला, त्यांनी तो आपला मानला आणि स्वतः निर्णय घेतला. २०२२ मध्ये मालकाने निर्णय घेतला आणि तो कामगाराच्या अंगावर चढवला. पहिल्यातून एकजूट उभी राहिली, दुसऱ्यातून सात माणसांची दुरावलेली मने. जे मत माणसाला पटवून द्यायचे, ते त्याच्या गणवेशावर छापून भागत नाही.

क्रिकेटरसिक वाचकांना आणखी एक नाव आठवेल. २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात हरमनप्रीत कौरने डर्बी येथे नाबाद १७१ धावा केल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाकडून ९० धावांची झुंज देणारी अॅलेक्स ब्लॅकवेल ही उघडपणे समलिंगी असलेली खेळाडू होती. आणि आपल्याकडे? धावपटू द्युती चंदने २०१९ मध्ये आपले एका तरुणीवर प्रेम असल्याचे जगजाहीर केले. ती ओडिशातील एका खेड्यातल्या विणकराची मुलगी. समलिंगी असणे हे शहरी श्रीमंतांचे थेर आहे, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते हवे?

पर्यटकाने ज्या शहरात जावे तेथील स्थानिक वृत्तपत्र वाचावे, विशेषतः त्यातील न्यायालयाच्या बातम्या. बाँडाय येथील समुद्रकाठच्या पायवाटेवर मार्क्स पार्क नावाची हिरवळ आहे. तेथून दिसणारे निळे पाणी प्रत्येक पुस्तिकेत असते. १९८० च्या दशकात याच कड्यांवर टोळकी समलिंगी पुरुषांना गाठून मारहाण करीत. २०२१ मध्ये तेथे त्या बळींचे स्मारक उभे राहिले. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉट जॉन्सन हा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन गणितज्ञ मॅनलीजवळच्या कड्याखाली मृतावस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या ठरवली आणि १९८९ च्या चौकशीनेही त्यावर शिक्का मारला. त्याच्या भावाने पिच्छा सोडला नाही. तिसऱ्या चौकशीने २०१७ साली हा समलिंगी-द्वेषातून झालेला हल्ला असल्याचा निष्कर्ष काढला, आणि गुन्हेगाराने सदोष मनुष्यवधाची कबुली दिली ती २०२३ मध्ये. १९७० ते २०१० या काळातील अशा मृत्यूंचा धांडोळा घेण्यासाठी न्यायमूर्ती जॉन सॅकर यांचा आयोग नेमला गेला. त्याने डिसेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला, पोलिसांच्या बेफिकिरीवर कठोर ताशेरे ओढले, आणि पुढच्या फेब्रुवारीत पोलीस आयुक्तांनी माफी मागितली. ज्या वर्षी पन्नास हजार माणसे पुलावरून चालली, त्याच वर्षी हा अहवाल आला. मिरवणूक आणि अहवाल ही एकाच शहराची दोन अंगे आहेत. पर्यटकाला पहिले दाखवतात, दुसरे त्याने स्वतः शोधावे लागते.

आणखी एक आकडा आपल्याशी थेट संबंधित आहे. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी काय, यावर २०१७ साली ऑस्ट्रेलियात टपालाने जनमत घेण्यात आले. देशभर ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. सिडनी मतदारसंघात तर ८३.७ टक्के. त्याच महानगराच्या पश्चिमेकडील पॅरामॅटा मतदारसंघात ६१.६ टक्के लोकांनी नकार दिला. याच पॅरामॅटात हॅरिस पार्क ही भारतीयांची गजबजलेली पेठ आहे. पश्चिम सिडनी ही कष्टकऱ्यांची आणि स्थलांतरितांची वस्ती. तेथील माणसांना मागास म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या भाषांत, त्यांच्या सभागृहांत आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणी हा विषय कोणी नेला होता? ज्याला घरभाडे आणि वंशद्वेष या दोहोंशी रोज झुंजावे लागते, त्याच्या शेजारी उभे न राहता त्याच्याकडे उदारतेची मागणी करणे, हा मध्यमवर्गीय पुरोगामित्वाचा जुना दोष आहे, आणि तो सिडनीइतकाच मुंबई-पुण्यातही आढळतो.

यावरून आपण काय घ्यावे? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न विधिमंडळाचा म्हणून दूर ठेवला. २०२४ मध्ये शिधापत्रिकेवर समलिंगी जोडीदारांना एका कुटुंबातले मानावे, अशी सूचना केंद्र सरकारने राज्यांना केली. वरवर क्षुल्लक दिसणारी ही सूचना अनेक घोषणांपेक्षा मोलाची आहे, कारण ती धान्याच्या दुकानापर्यंत पोहोचते. म्हणजे ती तेथे खरोखर पोहोचते की नाही, हे पाहणाऱ्या कार्यकर्त्याची आता गरज आहे. खासगी मालकाने समलिंगी म्हणून कामगाराला काढले, तर त्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आजही आपल्याकडे नाही. तो होईपर्यंत काय करावे, याचे उत्तर मॅक्वारी विद्यापीठातील मजुरांनी देऊन ठेवले आहे. त्यांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. ११ वर्षांनी कायदाच त्यांच्या मागून आला. आपल्या बँक कर्मचाऱ्यांच्या, शिक्षकांच्या, परिवहन कामगारांच्या संघटनांनी आपल्या वार्षिक अधिवेशनात एवढा एक ठराव घ्यावा, की आमच्या कोणाही सहकाऱ्याची नोकरी या कारणावरून गेली, तर तो साऱ्या संघटनेवरचा आघात मानला जाईल. असा ठराव घेण्यास परदेशवारी करावी लागत नाही, पुरस्कर्ता बँकही शोधावी लागत नाही. अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर एक कलम वाढवावे लागते आणि ते वाढवण्यासाठी कोणातरी एका सभासदाने उठून उभे राहावे लागते.