कॅम्परचं स्वप्न बघा, पण हिशोब यात्रेतल्या टेम्पोकडून शिका



कॅम्परमध्ये सहा-सहा महिने फिरणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ तुम्ही बघता, मीही बघते. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक, रोज नवं गाव. आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यामुळे हल्ली क्लासमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, असंच कुटुंबासोबत फिरत फिरत धंदा करता येईल का?"

येईल. आपल्याकडे लोक ते कधीपासून करतायत, फक्त त्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे: त्यांच्याकडून मोकळेपणा नाही, हिशोब शिकायचा. तुमचं दुकान एका जागी असलं तरी तो लागू पडतो.

आपल्या देऊळगाव राजात अश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते. खेळणी, बांगड्या, भांडी, मिठाई घेऊन येणाऱ्यांमध्ये अशी कुटुंबं असतात, ज्यांचा टेम्पो हेच गोदाम आणि पाल हेच घर. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा, महिना संपता संपता नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, होळीला आपल्याच जिल्ह्यातलं सैलानी, चैत्रात येरमाळा किंवा जोतिबा. सगळे सगळीकडे जात नाहीत, पण राज्यातली यात्रांची साखळी अशी आहे. पावसाळ्यात बहुतेक यात्रा थांबतात. म्हणजे कमाईचे महिने मोजके, आणि पोट मात्र बारा महिने.

पहिला धडा: जागेचं भाडं प्रत्येक वस्तूने द्यायचं. टेम्पोत अंथरूण, गॅस, भांडी, पाण्याचे ड्रम आणि माल, सगळं बसवायचं असतं. त्यामुळे जी वस्तू दोन यात्रांमध्ये हलली नाही ती तिसऱ्या यात्रेला न्यायला परवडत नाही. मिळेल त्या भावात काढायची आणि मोकळे झालेले पैसे चालणाऱ्या मालात घालायचे. नवीन दुकानदार काय करतो? फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून माल भरतो. फळी भरलेली दिसते, पण पैसा अडकलेला असतो. सहा महिने न हललेल्या मालाची आजच यादी करा.

दुसरा धडा: खर्चाचे दिवस वेगळे, विक्रीचे दिवस वेगळे. हे उदाहरण वहीत मांडून बघा. समजा एका यात्रेसाठी घराबाहेर 10 दिवस गेले. डिझेल, जागेचं भाडं, लाइट, जेवणखाण मिळून 24,000 रुपये खर्च. बरेच जण 10 ने भागतात आणि म्हणतात, दिवसाला 2,400. पण जाणं-येणं, पाल ठोकणं, सोडणं यात 4 दिवस गेले. विक्री झाली 6 च दिवस. म्हणजे विक्रीच्या एका दिवसावर 4,000 चा बोजा. विक्रीवर 25 टक्के सुटत असतील, तर रोज 16,000 ची विक्री झाली तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. चुकीच्या भागाकाराने हाच आकडा 9,600 दिसतो आणि माणूस खूश होऊन घरी येतो. तुमच्या दुकानातही आठवडी सुट्टी आणि लग्नकार्याचे बंद दिवस वजा करूनच भागाकार करा.

तिसरा धडा: तारखेवर नाही, तिथीवर चाला. 2022 मध्ये दसरा 5 ऑक्टोबरला होता. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा थेट 24 ऑक्टोबरला गेला. 19 दिवसांचा फरक! यात्रेला जाणारा माणूस आधी पंचांग बघतो आणि मग मालाची ऑर्डर देतो. आपण मात्र मागच्या वर्षीचं बिल काढून त्याच तारखेला माल मागवतो आणि उधारीची मुदत सण यायच्या आत संपते. येत्या वर्षाचं कॅलेंडर घ्या आणि तुमच्या गिऱ्हाइकाचे सण, यात्रा, लग्नतिथी त्यावर आधी लिहा.

चौथा धडा, आणि हाच सगळ्यात कडू: घरच्यांची मजुरी. टेम्पोवाल्या कुटुंबात बायको पहाटे स्वयंपाक करते, दिवसभर दुकानावर बसते, रात्री माल आवरते. पोरगंही गिऱ्हाईक सांभाळतं. वरच्या उदाहरणात तिघा मोठ्या माणसांची मजुरी 400 रुपये रोजाने धरा. 10 दिवसांचे 12,000 होतात. खर्च 24,000 वरून 36,000 वर जातो आणि ना नफा ना तोट्यासाठी रोजची विक्री 24,000 लागते. म्हणजे ज्या यात्रेत 16,000 च्या पुढे नफा वाटत होता, तिथे 24,000 पर्यंतचा प्रत्येक रुपया घरच्यांच्या फुकट कष्टातून आलेला असतो.

"घरचंच तर आहे" हे वाक्य मला म्हणून पटत नाही. रोख पगार लगेच देता येणार नाही, मान्य. पण वहीत लिहा. लिहिलं की कळतं, धंदा कमावतोय की घर त्याला पोसतंय.

मुलांचं तर त्याहून महत्त्वाचं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश मिळतो. तरी दर महिन्याला शाळा बदलून अभ्यास होत नाही. म्हणून आजी-आजोबांकडे मुलं ठेवून निघणारी कुटुंबं मला जास्त व्यवहारी वाटतात. त्यांनी खर्चाचा तो रकाना आधीच भरलेला असतो.

तेव्हा कॅम्पर किंवा टेम्पोसाठी कर्ज काढायच्या आधी भाड्याची गाडी घेऊन एक यात्रा करा. घरच्यांना विचारून करा, आणि परत आल्यावर हे चारही हिशोब त्यांच्यासमोर मांडा. जमलं तर गाडी घ्या. नाही जमलं, तर एका यात्रेचाच खर्च गेला, पाच वर्षांचा हप्ता गळ्यात पडला नाही.

तुमच्या धंद्यात घरचे किती जण, किती तास राबतात? आज मोजा आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही हिशोब आपण फळ्यावर सोडवू.