शेरा : सेल नाहीत

सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा फतवा आला. पार्किंगमधल्या पिवळ्या पट्ट्यांवरून ज्यांच्याबद्दल मी याच सदरात सलग दोन आठवडे लिहिलं होतं, तेच सेक्रेटरी. ‘रविवारी सकाळी ९ ते ११ ई-कचऱ्याची गाडी येणार!!! जुने टीव्ही, कॉम्प्युटर, मिक्सर बाहेर काढा!!! घर म्हणजे गोदाम नव्हे!!!’ शेवटच्या वाक्यात कोणाचं नाव नव्हतं, पण त्याखाली भराभर जे अंगठे उमटले त्यातल्या निम्म्यांचा रोख आमच्याकडे होता.

बायकोने फोन खाली ठेवला आणि वर पाहिलं. देवाकडे नाही, माळ्याकडे.

माळ्यावर आमचा २००५ साली घेतलेला कॉम्प्युटर होता. सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा, पाठीला कुबड आलेला मॉनिटर आणि बटणांच्या फटीत पोह्यांतली मोहरी अडकलेला कीबोर्ड. २०१४ साली नवा लॅपटॉप आला तेव्हा ‘असू दे, लागेल कधीतरी’ या आमच्या कुलमंत्रानुसार तो वर गेला. मंगळवारी तो खाली आला आणि हॉलच्या मधोमध बसला. बायकोने लगेच त्यावर पेपर पसरून शेंगदाणे वाळत घातले. म्हणजे लागला की नाही?

बुधवारी भाच्याचा फोन आला. हा भाचा म्हणजे आमच्या घराण्याचं तंत्रज्ञान खातं. वायफाय गेलं की आम्ही आधी त्याला फोन लावतो, मग प्लग बघतो.

“मामा, डबा दे खुशाल, पण हार्ड डिस्क पुसल्याशिवाय देऊ नकोस.”

“पुसलीय. वर टाकायच्या आधी मी सगळं डिलीट केलं होतं. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला होता.”

पलीकडे जरा शांतता पसरली. मग वडीलधाऱ्यांना ‘गप्प बसा’ म्हणता येत नाही तेव्हा मुलं जसं हसतात, तसा तो हसला.

त्याने मला जे शिकवलं ते एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मला मूळ विषयाकडे, म्हणजे माझ्याकडे वळता येईल. डिलीट म्हणजे सोसायटीच्या नामफलकावरची पट्टी काढणं. पट्टी गेली तरी बिऱ्हाड आतच असतं, गॅसवर कुकर चढलेला असतो. नवा भाडेकरू त्याच जागेत सामान घेऊन शिरेपर्यंत ते हलत नाही. क्विक फॉरमॅट मारला तरी फलक तेवढा कोरा होतो. एमआयटीतल्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोघांनी अशा १५८ जुन्या डिस्क बाजारातून विकत आणल्या आणि काय सापडलं ते २००३ साली छापलं. धड पुसलेल्या निघाल्या १२, आणि बाकीच्यांमधून क्रेडिट कार्डांचे ५ हजारांवर नंबर. म्हणून आधीच्या मजकुरावर शून्यं लिहून डिस्क काठोकाठ भरून टाकायची. न्यूझीलंडच्या पीटर गटमन यांनी १९९६ साली एका निबंधात ३५ वेळा लिहायची रीत सांगितली होती. ती तेव्हाच्या नाना प्रकारच्या डिस्कांसाठी होती, पण लोकांनी तिचा मंत्र केला, आणि हे भूत उतरवायचं कर्मकांड नव्हे असं खुद्द गटमन यांनाच पुढे लिहावं लागलं. आताच्या फिरत्या चकतीच्या डिस्कला साधारणपणे एक फेरा पुरतो. एसएसडीचं वेगळं आहे. ती आपल्या सोयीने मजकुराच्या जागा बदलत राहते, म्हणून तिला तिच्याच पोटात बसवलेला पुसण्याचा हुकूम सोडावा लागतो. आमची डिस्क जुनी, फिरती, ८० जीबीची.

“पण माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” मी म्हणालो. माझं पासबुक बघून चोर वर पदरचे पैसे टाकून जाईल. फोन ठेवला, जेवलो, झोपलो.

आणि रात्री दोन वाजता ताडकन उठून बसलो. आहेराची यादी!

मुलीचं लग्न २००७ साली झालं. पत्रिकेवर आम्ही ठळक छापलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ त्यामुळे १८६ आहेर आले. पूजा झाली, मांडव उतरला आणि तिसऱ्या रात्री बायकोने पाकिटांची पिशवी पलंगावर उपडी केली. ती सांगत होती आणि मी नव्या कॉम्प्युटरवर टाइप करत होतो. क्रमांक, नाव, नातं, काय दिलं, किती रुपयांचं, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. हा शेवटचा रकाना ही माझी चूक. कोरा रकाना दिसला की माणसाला लिहावंसं वाटतं.

पहिल्या दहा-बारा ओळी सभ्य होत्या. नंतर आम्हाला सूर सापडला. ‘पाकीट मोठं, आत ५१.’ ‘सहा जण जेवले, पाकीट एक.’ ‘हा डिनर सेट आपणच त्यांना मुंजीत दिला होता. खोक्यात आपलीच चिठ्ठी.’ ‘साडी बघता यांना मुलगी आवडत नसावी.’ आणि ४२व्या ओळीत आमचे सेक्रेटरी, तेव्हाही तेच होते : ‘भिंतीवरचं घड्याळ. शेरा : सेल नाहीत.’ ते घड्याळ आम्ही तीन महिन्यांनी दुसऱ्यांच्या वास्तुशांतीला देऊन टाकलं. सेल न घालता.

आता कल्पना करा, गाडीवाल्याच्या हातून ही डिस्क कोणा हौशी पोराकडे गेली, त्याने ती उकरली आणि यादी गावभर झाली. बँकेतले पैसे गेले तर तक्रार करता येते. १८६ घरांशी बोलणं तुटलं तर कुठल्या खात्याकडे जायचं?

आमच्या आजीच्या वेळी हे सोपं होतं. आहेराची वही असायची, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर श्री. शेरे तिच्यातही असत, फक्त मोडीत. आजोबा गेल्यावर एका सकाळी आजीने ती वही उचलली आणि न्हाणीघरातल्या बंबात घातली. आमच्या अंघोळीचं पाणी तापलं आणि दोन पिढ्यांची उणीदुणी धुराड्यातून गेली. एकाच फेऱ्यात.

सकाळी मी बायकोला म्हणालो, “ती डिस्क आता नीटच पुसून घेऊ. यादी आहे तिच्यात.”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “यादी आहे? मग अजिबात पुसायची नाही.”

“अगं, पण—”

“दादरच्या मामांच्या नातवाचं लग्न आहे मार्गशीर्षात. त्यांनी आपल्याला काय दिलं होतं ते बघितल्याशिवाय मी पाकीट भरायची नाही.”

इथे दुसराच वाद निघाला. २००७च्या ५०१ रुपयांचे आज किती धरायचे? माझं म्हणणं, महागाईच्या हिशेबाने. तिचं म्हणणं, आपल्याला द्यायचे असतील तर महागाईच्या आणि त्यांच्याकडून यायचे असतील तर सोन्याच्या भावाने. या विषयावर एक स्वतंत्र लेख लिहायचा विचार आहे, त्यामुळे इथे थांबतो.

शनिवारी भाचा एक वायर आणि छोटा अडॅप्टर घेऊन आला. शेंगदाणे बाजूला झाले. डबा उघडून त्याने डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या दोन कॅटांएवढी, पण हातात घेतली की पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याची आठवण व्हावी इतकी जड. लॅपटॉपला जोडल्यावर ती आधी कण्हली, मग घरघरली, मग एका लयीत फिरू लागली. त्याने हरवलेल्या फायली शोधायचा प्रोग्रॅम लावला. चहा होईतो मी स्वतःच्या हाताने डिलीट केलेली यादी पडद्यावर हजर. स्मशानातून परत यावं आणि गेलेला माणूस दारात चपला काढताना दिसावा, तसं झालं मला.

फाइल उघडली आणि तिघेही गप्प बसलो. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. टोप्या घातलेले इंग्रजी ए, डोक्यावर दोन टिंबं घेतलेले ओ, पौंडाची चिन्हं, अधूनमधून उलटं प्रश्नचिन्ह.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं आहे त्यांना हे सांगायला नको. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी प्रत्येक कंपनीचा आपला मराठी फॉन्ट असे. ‘क’च्या जागी आत खरं तर कुठलंतरी परदेशी चिन्ह बसलेलं असायचं आणि फॉन्ट त्याला वरून ‘क’चा सदरा घालायचा. फॉन्ट गेला की सगळे उघडे. त्याच डिस्कवर माझे २००५ ते २०१०चे लेखही सापडले. पाच वर्षांचं माझं मराठी गद्य, सगळंच्या सगळं याच भाषेत. कुठल्या चोराची बिशाद होती ते वाचायची! बायकोने चष्मा लावून त्यातला एक लेख वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “हा बरा वाटतोय.”

यादीतले आकडे मात्र शाबूत होते. १०१. २५१. ५१. ५०१. ५१. माणसं पुसली गेली होती आणि रकमा राहिल्या होत्या.

“कन्व्हर्टर मिळतो याचा,” भाचा म्हणाला. “फॉन्टचं नाव दिसतंय, शोधतो.”

तो शोधत असताना बायकोने खुर्ची पुढे ओढली. “ही १०१वाली कोल्हापूरच्या आत्या. खाली दोन ५१ म्हणजे तुमच्या ऑफिसातले. ते रांगेत एकदमच आले होते. हे २५१... थांबा, यांच्याबरोबर नारळ होता.” अर्ध्या तासाने भाच्याचा कन्व्हर्टर चालला, पडद्यावर धडधडीत मराठी उमटलं आणि आम्ही ताळा केला. १८६पैकी दोन नावं चुकली होती. त्या दोन ठिकाणी तुम्ही चुकीचं टाइप केलं असणार, असं तिचं ठाम मत आहे.

दादरच्या मामांनी ५०१ दिले होते. शेरा : ‘बरे.’

यादी पेनड्राइव्हवर घेतली आणि मग डिस्कवर शून्यं भरायला लावली. पाऊण तास लागला. “पस्तीस वेळा कर,” मी म्हणालो. “सव्वीस तास लागतील,” तो म्हणाला, “आणि आतमध्ये आता तुझे शेंगदाणेसुद्धा उरलेले नाहीत.”

माझा चेहरा बघून त्याने डिस्क खोलूनच टाकायचं ठरवलं. चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, त्याचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा. खोलता खोलता त्याने लंडनची गोष्ट सांगितली. स्नोडेनने फोडलेल्या गुप्त फायली ‘गार्डियन’ या वर्तमानपत्राकडे होत्या. २० जुलै २०१३ रोजी त्या पेपरच्या तळघरात संपादक मंडळींनी ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन स्वतःच्या कॉम्प्युटरांचा भुगा केला आणि सरकारी गुप्तचर खात्याची दोन माणसं उभी राहून बघत होती. त्या फायलींच्या प्रती देशाबाहेर आहेत, हे पेपरने सरकारला आधीच सांगितलं होतं. मला तेव्हा हे फार हास्यास्पद वाटलं.

डिस्कच्या पोटातून दोन वस्तू निघाल्या. एक चकती, पुरीएवढी, मध्ये भोक आणि अशी लख्ख की तिच्यात बघून भांग पाडावा. ती मी दोऱ्याने बाल्कनीत टांगली. कबुतरांशी चाललेलं माझं युद्ध वाचकांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती बिचकली. आज सकाळी एक कबूतर तिच्यात बघून मान फुगवत होतं. दुसरी वस्तू म्हणजे नखाएवढ्या जाडीचं लोहचुंबक. ते बायकोने हौसेने फ्रिजला लावलं आणि आम्ही तिघांनी ओढूनही ते निघालं नाही. शेवटी भाच्याने कडेने सरकवत सरकवत त्याखाली कागद घातला, म्हणजे काहीतरी उपयोग तरी होईल.

रविवारी गाडी आली. डबा, मॉनिटर, कीबोर्ड गेले. गाडीवरच्या मुलाने विचारलं, “काका, आत हार्ड डिस्क नाही?” मी अभिमानाने वर बाल्कनीकडे बोट दाखवलं.

साडेदहाला सेक्रेटरी स्वतः वर आले. हातात वही, सही हवी होती. “माळा रिकामा केलात, अभिनंदन,” म्हणाले आणि पाणी मागितलं. मी आत गेलो. परत आलो तर ते हॉलमधल्या फ्रिजसमोर उभे, चष्मा कपाळावर, बोट कागदावर ठेवून एकेक ओळ खाली येत होते.

मार्गशीर्षात हाताशी असावी म्हणून बायकोने यादी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती, तो कागद. पहिलं पान, ओळ १ ते ४५, शेरा धरून.

मी झेप घेतली. कागद ओढला तर फाटेल आणि चुंबक तर आपल्याला माहीतच आहे. सेक्रेटरींनी माझ्या हातातून शांतपणे पेला घेतला, पाणी संपवलं आणि हॉलच्या चारी भिंतींवरून सावकाश नजर फिरवली.

“घड्याळ दिसत नाही कुठे.”