टिपाड, धूर आणि ‘जुगाड’ हा शब्द

भंगारातले लोखंडी टिपाड आणून त्याची मांस धुरावण्याची भट्टी करणे, हा विषय साहित्यचर्चेत कसा काय, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. माझ्या मते हा विषय मुळात भाषेचाच आहे. लातूर-नांदेडकडे कुणी असे टिपाड कापून भट्टी केली, की आपण त्या कृतीला एका शब्दात निकालात काढतो : ‘जुगाड’. हिंदीतून आलेला हा शब्द वर्तमानपत्रांनी कौतुकाने रुळवला. पण त्या कौतुकात उपेक्षा दडलेली आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणारी युक्ती. तिच्यामागे ज्ञान आहे, परंपरा आहे, हे मान्य करण्याची जबाबदारी त्या शब्दाने टळते.

प्रत्यक्ष वस्तू पाहू. दोनशे लिटरचे टिपाड साधारण ८८ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर रुंद असते. वरचा भाग कापून सुटे झाकण करायचे, तळाशी तीन-चार भोके पाडून त्यांवर सरकते पत्रे बसवायचे, कोळशाची जाळीदार टोपली तळापासून चार बोटे वर ठेवायची आणि मांसाची जाळी तिच्याही वर दीड-दोन फुटांवर. झाकणाला धूर जाण्यापुरते भोक. खरी करामत त्या सरकत्या पत्र्यांत आहे. आच कोळसा किती घातला यावर तितकीशी ठरत नाही. हवेला वाट किती दिली यावर ठरते. ज्यांनी घरी तांब्याचा बंब पेटवला आहे त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. ११० ते १२० अंश सेल्सिअसची आच चार-सहा तास टिकवायची, तर लाकूडही जड हवे. बाभूळ चालते. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकतात आणि विझतात. शिवाय पऱ्हाटीवर फवारणीचे काय काय बसलेले असते ते सांगायला नको.

टिपाडाची निवड तर याहून नाजूक. खाद्यतेलाचे असेल तर उत्तम. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे असेल, तर कितीही जाळले-घासले तरी ते अन्नाजवळ आणू नये. आतला लेप आणि बाहेरचा रंग मोठ्या जाळाने आधी जाळून टाकावा लागतो. जस्ताचा मुलामा असेल तर तो पत्रा वर्ज्य, कारण तापल्यावर त्याचा धूर अंगाला बाधतो. आत ज्वालाग्राही द्रवाचा अंश राहिला असेल, तर कापताना टिपाड फुटून माणूस दगावू शकतो. म्हणून अनुभवी वेल्डर आधी आत काय होते ते विचारतो आणि ते धुऊन घेतल्याशिवाय गॅसकटर लावत नाही. यात तात्पुरते काय आहे?

‘बार्बेक्यू’ या शब्दाचा इतिहासही इथे बोलका आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत मांस भाजण्या-धुरावण्यासाठी काड्यांचा जो मांडव रचत, त्याचे नाव स्पॅनिशांनी ‘बार्बाकोआ’ असे उचलले. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत हे काम मुख्यतः गुलाम कृष्णवर्णीयांच्या हातात होते. जमैकात आजही आडवे कापलेले टिपाड हीच रस्त्याकडेची भट्टी असते, आणि त्रिनिदादच्या वस्त्यांनी तर १९४०च्या दशकात टिपाडाचे वाद्य केले. आज तोच बार्बेक्यू आपल्या शहरांत प्रतिष्ठित आहे. ज्यांनी तो घडवला त्यांचे नाव मात्र मेनूकार्डावर नसते.

आपल्याकडेही हेच घडले आहे. हुरडा हा मराठवाड्याचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मिरवला जातो. आगटी, गोवऱ्या, गुळभेंडी हे शब्द कृषिपर्यटनाच्या जाहिरातींतही येतात. याच मातीत मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून, अडचणीच्या दिवसांसाठी ठेवलेल्या ‘चान्या’ मात्र तिथे दिसत नाहीत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तिचे मोल म्हणूनच मोठे. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली, म्हणजे ज्या अन्नाची नोंद होत होती त्यातले काही त्याच वेळी बेकायदा ठरत होते. आणि ‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) शिकवताना आपण वर्गात भूक शिकवतो. मांस टिकवण्याचे कौशल्य हा प्रश्नच विचारत नाही. दलित आत्मकथनांतले अन्न आपल्याला केवळ वेदनेचा पुरावा म्हणून चालते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. १९२७च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले होते. ते सोडणे हा स्वाभिमानाचा भाग होता, आणि चान्यांचे विस्मरण पुष्कळ घरांत जाणीवपूर्वक घडले. तेव्हा बाहेरच्या कुणी उठून त्यांचे ‘वारसा पाककृती’ म्हणून कौतुक मांडावे, हे मला मान्य नाही. ज्ञानाची नोंद घेणे वेगळे आणि त्याची चव विकणे वेगळे. पण शरमेपोटी सोडलेले आणि सक्तीने सोडायला लावलेले यांतला फरक तरी समीक्षेने करायला हवा.

टिपाडाची आणखी एक बाजू लातूरकरांना माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. त्या दिवसांत दारोदारची टिपाडे, बहुतेक प्लास्टिकची, हीच घराची चिंता होती. ज्या वर्षी टिपाड पाण्याला पुरत नाही, त्या वर्षी ते कुणी कापत नाही. भट्टीसाठी ते मोकळे होणे ही बऱ्या पावसाची खूण म्हणायची. कादंबरीकाराच्या लक्षात यावी अशी ही गोष्ट आहे, पण आपली दुष्काळाची कथा अजून भेगाळलेल्या जमिनीपाशीच थांबते.

शेवटी शब्दांकडे येतो. मराठीत बाळंतिणीला धुरी देतात, गोठ्यात डासांसाठी धुरी करतात, ऊद घालून घर धुपवतात. धुराचा उपयोग आपल्या भाषेला पुरेपूर ठाऊक आहे. मांसाचा विषय निघाला, की मात्र प्रमाण मराठी एकदम अवघडते आणि ‘स्मोक केलेले’ म्हणते.